जिवाणी

त्या दिवशी सकाळी आईनं जिवाणी मोरीत ओतली. बाकी काहीच झालं नव्हतं. घरामागच्या विहिरीचं पाणी काढून झालं होतं, दुपदरी गाळणं गुंडीच्या तोंडावर बसवून तिनं ते गाळलं होतं, मग गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्याची बारीक धार सोडत कापडाला अडकलेला जीव लहान बादलीत उतरवून घेतला होता. आता ती बादली दोराला लावून हळूच पुन्हा विहिरीत सोडायची. माझ्या जन्माआधीपासून ती हे रोज करत आली आहे, तापात केलं, बाबा गेले त्या दिवशीसुद्धा सकाळी केलं. आणि त्या दिवशी तिनं ती बादली सरळ मोरीत उलटी केली. मी मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते, मला कॉलेजला उशीर होत होता. मी म्हटलं, "आई, हे काय केलं?" ती म्हणाली, "काय केलं व?" अगदी साधेपणानं. बादली विसळून पालथी घातली, पदराला हात पुसले आणि जाताना भिंतीला खांदा घासून गेली. मी उरलेला चहा प्याले. काहीतरी बिनसलंय हे मला कळलं होतं, पण कळलेलं असून मी गाडीची किल्ली शोधायला गेले.

गाळण्यात उरतो तो जीव म्हणजे जिवाणी. डोळ्याला दिसत नाही, आहे असं धरून चालायचं. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत तो परत गेला पाहिजे. शेजारच्या विहिरीत सोडला तरी मरतो, नळाच्या टाकीत सोडला तरी मरतो, कारण एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. मी प्राथमिक शाळेत असताना आईनं हे मला विहिरीच्या काठावर सांगितलं होतं. नंतर बी.एस्सी.ला तीन प्राध्यापकांनी मिळून हेच इंग्रजीत सांगितलं आणि त्यावर पेपर घेतला. आता मी सांगते. वाशिमच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते, दर जूनमध्ये नव्यानं नेमणूक होते आणि दर जूनमध्ये मला वाटतं की यंदा होऊ नये, सुटेन एकदाची. मग होते. लग्न झालं नाही, का झालं नाही हे विचारणारे आता थकले. सन्मतीदादाच्या घरात मागची खोली माझी आणि आईची, आणि आईचा स्वयंपाक माझ्याकडे, कारण तिचा स्वयंपाक वेगळा असतो. दाणा न् दाणा पाहून शोधलेलं धान्य, गाळून उकळलेलं पाणी, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मीठ नाही. मीठ कशातच नाही. ते तिनं आयुष्यभरासाठी सोडलं आहे.

त्या दिवशी नेमकं समुद्री शेवाळाचं प्रॅक्टिकल होतं. वाशिममध्ये समुद्री शेवाळ. आमच्या निम्म्या पोरांनी समुद्र मोबाईलवर पाहिलेला, आणि शेवाळ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं पाझर तलावाच्या पायरीवरचं बुळबुळीत हिरवं येतं, ज्यावरून मामा घसरला होता. लॅबमध्ये जुन्या सहलींतून आणलेले नमुने आहेत, जाड कागदावर चिकटलेले. डिंक लावावा लागत नाही, शेवाळाच्या अंगचाच चीक त्याला धरून ठेवतो. तपकिरी होतं ते काळं पडलंय, हिरवं होतं ते पिवळं, आणि लाल होतं ते कसलंच राहिलेलं नाही. मी कागद फिरवले आणि दरवर्षी सांगते ते सांगितलं. याला मूळ नसतं. खाली मुळासारखं दिसतं ती नुसती पकड आहे, लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून खडक धरायचा, बस. पाणी ते सगळ्या अंगानं घेतं. आता भोवती एवढं मीठ असल्यावर खरं तर त्याच्या आतलं पाणी बाहेर ओढलं जायला पाहिजे, मीठ लावलेल्या कैरीच्या फोडीला सुटतं तसं. पण ते सुकत नाही, कारण त्यानं आत आपले वेगळे क्षार जमवून ठेवलेले असतात, काही साखरेच्या जातीची द्रव्यं असतात, आणि आतलं पारडं ते बाहेरच्यापेक्षा नेहमी जरासं जड ठेवतं. समुद्राचं मीठ तरी आत शिरत राहतंच. शिरलं की बाहेर ढकलायचं, पुन्हा शिरलं की पुन्हा ढकलायचं. हे काम दिवसरात्र चालतं, त्यात त्याची ताकद जाते, आणि त्यालाच त्याचं जगणं म्हणायचं. ओहोटीला खडकावर उघडं पडलं की उन्हानं अंगावरचं पाणी आटून मीठ वाढतं. पाऊस आला की एकदम कमी होतं. थोडा वेळ ते दोन्ही सोसतं. मी हे बोलत होते आणि माझ्या डोक्यात मोरीतलं पाणी गुळगुळ करत जात होतं.

उज्ज्वला म्हणून एक पोरगी आहे, रिठदची, घरी भाजीपाल्याचा मळा. तिनं हात वर केला. "मॅडम, आमच्या घरी हे बाटलीत येते. शेवाळाचा अर्क. बाबा वांग्यावर मारते." मी म्हटलं, बरोबर, तेच. ती म्हणाली, "मंग याले आपल्या बोरच्या पाण्यात ठेवलं त?" पोरं हसली. हसण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, फुगतं. आत क्षार जास्त, बाहेर काहीच नाही, मग पाणी आत शिरायला लागतं आणि थांबत नाही. पेशीची आतली त्वचा फाटते, रंग बाहेर येतो. "मरते?" तिनं विचारलं. "मरतं," मी म्हटलं. "अन् पाण्यात राहून मरते," ती शेजारणीला म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहायला लागली. पुढच्या तासाची घंटा झाली तरी मी टेबलाशी तशीच उभी होते, एक लाल शेवाळाचा कागद हातात धरून.

त्या कागदावरच्या शेवाळाची बहीण आमच्या घरी मेली. मी एस.वाय.ला असताना आमची सहल मालवणला गेली होती. समुद्र पाहून सगळ्यांनी आरडाओरडा केला आणि मला तो फार मोठा वाटला नाही, मला वाटलं होतं याहून मोठा असेल. पण ओहोटीला खडकांच्या खाचांत उतरलो तेव्हा मात्र माझं तोंड बंद झालं. तिथं झुडपं होती. पाण्याखाली लालभडक, शेंदरी, खाकी झुडपं, आणि पाणी जसजसं आत यायचं तसतशी सगळी एका बाजूला झुकायची. खाडीकडच्या तिवरीची पानं सरांनी आम्हाला चाटायला लावली, पानावर मिठाची पूड आलेली असते, झाड मीठ पानातून बाहेर टाकतं. सगळ्यांनी चाटली. मी नाही चाटलं, पान हिरवं होतं आणि त्या दिवशी माझा हिरवं तोंडात न घालण्याचा नेम होता. सगळे मला हसले. येताना मी लाल शेवाळाचा एक झुबका ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला, घरी दाखवायला. घरी आले ती झोपून गेले. आईनं पिशवी उघडली. तिच्या लेखी तो अनंत जिवांचा एक देह होता. शेवाळात सुईच्या टोकावर मावेल एवढ्यात मोजता येणार नाहीत एवढे जीव, असं आम्ही जैन पाठशाळेत घोकलेलं, आणि हे तर चांगलं ओंजळभर. ते बाहेरगावाहून आणलेलं, तडफडत असेल. तिला दया आली. तिनं पितळी घागर घासली, विहिरीचं पाणी दोनदा गाळलं आणि तो झुबका त्यात सोडला, वर झाकण नाही, फडकं, म्हणजे वारा लागेल.

मी उठले तेव्हा घागरीतलं पाणी गुलाबी झालं होतं. आई तिच्यापाशी जमिनीवर बसली होती. मला तिचा चेहरा आठवतो आणि तिचा हातही, घागरीच्या काठावर ठेवलेला. ती म्हणाली, "याचं रक्त निघून राह्यलं व." मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मी म्हटलं, रक्त नाही, रंग आहे, आणि तिला खालच्या आवाजात समजावून सांगितलं की ह्याला खारं पाणी लागतं. तिनं एकदम उठून मिठाचा डबा आणला. मुठी भरभरून मीठ टाकलं, हातानं ढवळलं, वाकून पाहत राहिली. मला तेव्हा हसू आलं होतं. झुबका पांढरट, ढिला, शिजवलेल्या शेवयांसारखा झाला होता. दुपारी ती देवळात जाऊन आली आणि त्या दिवसापासून दर रविवारी तिनं मीठ सोडलं. "त्याले भेटलं नाही ते मी बी एक दिस खात नाही," असं बाबांना म्हणाली. बाबा, म्हणजे जिनदास, शिरपूरला देवळाच्या वाटेवर आमचं किराणा दुकान होतं तेव्हाची गोष्ट, बाबा मिठाचे भलते शौकीन. ताटात डाव्या बाजूला मीठ नसलं तर जेवायला बसायचे नाहीत. ते म्हणाले, "तुले काय सोडाचं ते सोड, माह्या ताटात वाढ." ती वाढायची. बाबा गेले त्या वर्षीच्या चातुर्मासात शिरपूरला मुनिमहाराज होते. आई त्यांच्यापुढं बसली आणि आयुष्यभराचं मीठ सोडून आली. सन्मतीदादा शेजारी हात जोडून उभा होता. मी तिला विचारलं, मीठच का? ती म्हणाली, "तुह्या बाबाले लय लागे."  माझा विषय तो नव्हे.

कॉलेजातून घरी आले तर वहिनी दारातच. म्हणाली, "आत्याबाई कशाच्या कशा बोलून राह्यल्या. मले म्हन्तेत, दुकान उघडा, यात्रेकरू आले." आई पलंगावर बसून चादरीचं टोक गाळण्यासारखं दोन्ही हातांनी ताणून धरत होती. मी जवळ गेले तर तिनं माझ्याकडं फार प्रेमानं पाहिलं आणि म्हणाली, "माय, आलीस?" तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, "आलो." दुसरं काय म्हणणार. मग मी तिला पाणी दिलं. एप्रिल होता, पत्रे तापलेले, आणि उन्हाळाभर माझा एकच कार्यक्रम होता, आईला पाणी पाजणे. पी आई, पी, ऊन आहे. तांब्या रिकामा झाला की मला बरं वाटायचं, दिवसाचं एक काम झालं असं वाटायचं.

डॉक्टर गल्लीतलेच, आम्हाला लहानपणापासून ओळखणारे. रक्त तपासायला नेलं आणि संध्याकाळी स्वतः आले. "काकूचं सोडियम एकशे अठरा आलं," ते म्हणाले. "अंगातलं मीठ संपून राह्यलं, अन् वरून पाणी. मेंदूच्या पेशी फुगल्या. तुमाले काय सांगाचं, तुमी हेच शिकवता ना." मी मान डोलावली. मला वाटलं होतं मला भीती वाटेल, रडू येईल. काहीच आलं नाही. मी त्यांच्या शर्टाच्या खिशातल्या पेनाकडं पाहत होते आणि डोक्यात एक आकृती उभी राहत होती, फळ्यावर मी काढते ती, एक गोल, बाहेरून आत येणारे बाण. बाण मी नेहमी निळ्या खडूनं काढते. डॉक्टर म्हणाले, "भरती करा. नाही करत त पाणी एकदम कमी करा अन् तोंडानं मीठ द्या. पण ठेवू नका असंच. झटके येतील, मंग आपल्या हातचं राहत नाही."

रात्र व्हायच्या आत दादा दुकानातून आला. पाटणी चौकाच्या पुढं त्याचं दुकान आहे आणि दुकानाबाहेर मिठाच्या गोण्या रचलेल्या असतात, गायी चाटतात म्हणून वर ताडपत्री. मी त्याला सांगितलं, तिले भरती कराव लागते. तो खुर्चीत बसला नाही, उंबऱ्यावर बसला. "तिनं महाराजापुढं हात जोडून घेतलं ते," तो म्हणाला. "मी बाजूले उभा होतो. आता मीच तिच्या अंगात मीठ सोडू?"

"नसेतून जाते दादा. जिभेले लागत नाही."

"तिनं जिभेचा त्याग नाही घेतला. मिठाचा घेतला."

"ते मीठ नसलं त ती मरते."

त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. माझा भाऊ वाईट नाही. आईच्या पायाशी बसून तिची नखं कापणारा माणूस आहे. तो म्हणाला, "मले एक सांग. उद्या ती शुद्धीवर आली, अन् तिनं विचारलं, सन्मती, माह्या नेमाचं काय झालं, त मी काय सांगू तिले? तू सांगशील?"  आईनं मरण मागितलेलं नाही, तिनं नुसती एक चव सोडली आहे, असं मला म्हणायचं होतं. पण हे वाक्य मी मनात जुळवेपर्यंत तो उठून आत गेला आणि वहिनीला म्हणाला, आपण णमोकार म्हणू. दोघं आईपाशी बसून म्हणायला लागली. आई त्यांच्याबरोबर म्हणत होती, पण मधल्या ओळी गाळत होती. मला राग आला. कुणाचा ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. दादाचा असावा. आईचाही होताच, की बाई तू एका झुबक्यासाठी मीठ सोडलंस आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. मग तो रागही बसला, गढूळ पाणी ठेवलं की बसतं तसा, आणि मी आतून पुन्हा होते तशी झाले, कोरडी.

सकाळी दादा दुकानात गेला, वहिनी आंघोळीला गेली. मी वहिनीच्या स्वयंपाकघरातून मिठाचा डबा काढला. आईच्या चुलीपाशी मीठ कधी आलेलंच नव्हतं. आणि मी काय केलं असेल तर आधी ते मीठ तव्यावर भाजलं. कच्चं मीठ सजीव, भाजलं की निर्जीव, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला माहीत. नेम मोडायला निघाले होते आणि मिठातला जीव माझ्या हातून आईच्या पोटात जाऊ नये म्हणून तवा तापवत होते. मला त्याचं काही वाटलं नाही. मीठ तडतडलं, मी गॅस बंद केला, मुगाचं पाणी वाटीत ओतलं आणि चमच्यानं मीठ टाकून ढवळलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं. तांब्या मी उचलून कपाटावर ठेवला.

पहिला घोट आईनं तोंडात धरून ठेवला. मी तिच्याकडं पाहत होते. मला वाटलं थुंकेल. इतक्या वर्षांत त्या जिभेला मीठ लागलेलं नव्हतं, पेशी विसरल्या असतील असं म्हणायला मी काही मूर्ख नाही, जीभ विसरत नाही. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं गिळलं आणि वाटी दोन्ही हातांनी माझ्या हातातून ओढली. ती प्यायला लागली. घशाचा आवाज येत होता, हनुवटीवरून ओघळत होतं, ओघळलेलं तिनं बोटानं पुसून चाटलं. "माय, अजून दे," ती म्हणाली. माझ्या आईला मी कधी हावरटासारखं खाताना पाहिलेलं नाही. पंगतीत ती सगळ्यांत शेवटी बसते आणि सगळ्यांत आधी उठते. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी वाटी पुन्हा भरून आणली. तिच्या ओठांच्या कडेला पांढरं सुकत होतं, ते मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं, वहिनी आंघोळ करून यायच्या आत.

असं मी रोज केलं. कॉलेजला रजा टाकली, बिनपगारी, ती मिळायला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. सकाळी मुगाचं पाणी, दुपारी भाताची पेज, दिवस मावळायच्या आत पुन्हा मुगाचं पाणी. पाणी मोजून. ती पाणी मागायची तेव्हा मी नाही म्हणायचे, आणि उन्हाळ्यात आईला पाणी नाही म्हणताना आपलाच आवाज आपल्याला अनोळखी वाटतो. दादा येऊन तिच्या कपाळावर हात ठेवायचा. "जराशी बरी दिसून राह्यली," म्हणायचा. "नेमाचीच ताकद आहे ही." मी म्हणायचे, हो. वहिनीनं एकदा वाटी घासायला घेतली, नाकापाशी नेली आणि माझ्याकडं पाहिलं. मग घासून ठेवून दिली. ती काही बोलली नाही त्याबद्दल मी तिचे उपकार मानते. त्या दिवसांत मी खुश होते का, तर नव्हते. दुःखी होते का, तर तेही नव्हते. अंगावर उन्हानं मीठ वाढतंय की पावसानं कमी होतंय हे न विचारता खडकाला धरून बसलेलं काहीतरी असतं ना, मी आपली धरून बसले होते. एवढं मात्र दिसत होतं की आई परत येते आहे. आधी चादर ताणायची थांबली. मग तिनं वहिनीला नावानं हाक मारली. मग विचारलं, विहिरीवर कोन जाऊन राह्यलं? मी म्हटलं, मी जातो. "जिवाणी सोडतं ना बरोबर?" मी म्हटलं, सोडतो.

मग त्या सकाळी मी वाटी घेऊन गेले तर ती उठून भिंतीला टेकून बसली होती, केस तिनं स्वतः विंचरले होते. तिनं वाटी घेतली, हात जोडले, एक घोट घेतला. आणि थांबली. पहिल्या दिवशी थांबली होती तशी नाही. तिनं वाटी खाली ठेवली, पदराआड तोंड करून घोट हातात थुंकला आणि तो हात तसाच मिटून धरला.

"त्रिशला," ती म्हणाली. आजारपण लागल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, "हो आई."

"कधीपासून?"

"तू मले माय म्हनत होती तवापासून."

 बाहेर भाजीवाला ओरडत गेला. "सन्मतीले माहीत आहे?"

"नाही."

"त्याले सांगू नको. त्याच्या जिवाले लागून जाईल, तो दुकानात बसनार नाही." मग म्हणाली, "मी मागून मागून पेली असंन."

मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं, "हो."

तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, आई, तुह्या मेंदूत पाणी चढलं होतं, डॉक्टरनं सांगितलं, मीठ नसतं दिलं त तू आज बोलत नसती. मला वाटलं होतं मी शांतपणे समजावून सांगेन, पण मी भरभर बोलत होते, आणि त्या घागरीतल्या झुबक्याचंही मधेच काहीतरी बोलले, की त्यालासुद्धा तू मीठ टाकलं होतं, आठवते? तिनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "आठवते. पन त्यानं सोडलं नव्हतं व. मी सोडलं होतं."

 

तिनं मिटलेला हात माझ्यापुढं केला, मी त्याच्याखाली ताटली धरली, तिनं हात उघडला. मग दोन्ही हात जोडून ती मला म्हणाली, "तूनं माह्या जिवासाठी केलं. माह्या मनात तुह्याबद्दल काईच नाही. माह्याकडून काही झालं असंन त मले माफ कर, मी तुले केलं." आमच्यात हे वर्षातून एकदा सगळे सगळ्यांना म्हणतात, शेजाऱ्याला, गिऱ्हाइकाला, मोबाईलवर फुलांच्या चित्रासह. तिनं ते नुसतं म्हटलं नाही, तिला ते म्हणायचं होतं, तिचे डोळे भरलेले होते. आणि त्याच आवाजात, मधे श्वाससुद्धा न घेता, ती म्हणाली, "आजपासून तुह्या हातचं मले त्याग."

मी म्हटलं, "पानी?"

"पानी बी."

"किती दिस?"

ती माझ्याकडं पाहून हसली, लहान पोराच्या प्रश्नाला हसावं तसं. तिच्या त्यागांना तारीख नसते, हे मला तिच्याइतकंच ठाऊक आहे.

तेव्हापासून वहिनी करते. मुगाचं पाणी, पेज, सगळं तसंच, फक्त अळणी. दादाला आईनं सांगितलं की त्रिशलेला कॉलेजचं काम लई आहे, तिला कशाला त्रास. दादाला पटलं. मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, अळणी चालू राहिलं तर? ते म्हणाले, पाणी कमी ठेवलं तर काही दिवस निघतील, मग पुन्हा तेच, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे. मी वहिनीला म्हटलं, तू टाकशील का, चिमूटभर? तिनं मान हलवली. म्हणाली, "त्या माह्या हातचं बी सोडतीन. मंग कोन करन?" खरं आहे ते. घरात आता आईला वाढू शकणारा हा एकच हात उरला आहे आणि तो जपला पाहिजे. आई माझ्याशी बोलते. पहिल्यापेक्षा जास्त बोलते. पाय चेपू देते, केसांना तेल लावू देते, कॉलेजातल्या पोरांची विचारपूस करते. फक्त मी तांब्याला हात लावला की तिची नजर त्या हातावर जाते, आणि मी हात काढून घेते.

मी सगळं नीट समजून आहे. ती मला ओळखते तोवर माझ्या हातचं घेणार नाही. अळणीनं हळूहळू तिच्या डोक्यात पुन्हा पाणी चढेल, ती चादर ताणायला लागेल, कुणाला तरी दुकान उघडायला सांगेल, आणि एक दिवस माझ्याकडं पाहून तिला कळणार नाही की ही कोण बाई. त्या दिवशी तिचा त्याग कुणाविरुद्ध होता हे तिलाच ठाऊक नसेल. त्या दिवशी मला वाटी नेता येईल. उशीर झालेला नसला म्हणजे मिळवलं. भाजलेलं मीठ मी एका डबीत भरून माझ्या कपड्यांच्या कपाटात ठेवलं आहे. मी कॉलेजला जाते, नऊच्या तासाला शिकवते, येते, पर्स टाकते आणि सरळ तिच्यापाशी जाऊन बसते. ती बोलत असते, मी तिचे शब्द तपासत असते. कालचं आज विसरली का, वहिनीचं नाव चुकली का, दोनदा तेच विचारलं का.

आज दुपारी ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं एकटक पाहत होती.   मी जवळ सरकले. मी म्हटलं, "काय पायजे?" तिनं माझ्या गालावरचे केस मागं सारले. म्हणाली, "त्रिशला, तू लय वाळली व. जेवत नाही का बरोबर?"

मी म्हटलं, जेवतो. आज पण तिनं मला ओळखलं, आणि मला वाईट वाटलं.